टाकीला कल्हई

परवां आमच्या एका कोल्हापूरकर मित्राचें पत्र आलें. क्षेमसमाचाराच्या चार ओळी झाल्यावर त्यांनीं विचारलें होतें : “वाङ्मय शिकविण्याचा धंदा सोडून आपण हल्लीं कल्हईवाल्याचें काम आरंभिलें आहे, असें आमच्या कानांवर आलें आहे. हें कितपत खरें?” आमच्या या मित्राच्या कानांवर येणाऱ्या वार्ता बहुधा खोट्या असतात, पण ही अर्धी खरी आहे. वाङ्मयाचा धंदा आम्हीं सोडलेला नाहीं. इंग्लंडच्या मध्यभागांतील एका कॉलेजांत, तेथील मुलांना त्यांच्याच भाषेंतील ग्रंथ शिकविण्याचें धाडस आम्ही गेलीं वीस वर्षें करीत आहों. मात्र आमच्या घराच्या गॅरेजांत आम्हीं एका भांड्यास दोनदां कल्हई केली, ही गोष्ट नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. पहिली फसली, दुसरी साधली. त्या दोहोंच्या मध्यें जें घडलें, तें सांगण्याकरितां हा लेख.

भांडें म्हणजे एका जुन्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी. आणि तीहि लोखंडी पत्र्याची नव्हे, कांचेच्या तंतूंची. गाडीचें नांव नॉर्टन कमांडो. १९६७ सालीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत ही गाडी प्रथम मांडण्यांत आली, आणि १९६८ पासून ती लोकांच्या हातीं पडूं लागली. तिचें ७५० सीसीचें, दोन सिलिंडरांचें इंजिन रबराच्या आधारांवर बसविलेलें असल्यामुळें त्याची थरथर स्वाराच्या हाडांपर्यंत पोंचत नसे. त्या काळीं हें मोठें नवल होतें. मागें उतरत गेलेल्या शेपटीमुळें तिला पुढें ‘फास्टबॅक’ म्हणूं लागले. ती शेपटी आणि ती टाकी, दोन्ही फायबरग्लासच्या. कांचेचे बारीक तंतू सांच्यांत अंथरावयाचे, त्यांवर पॉलिएस्टर जातीची पातळ राळ चढवावयाची; ती राळ आळून दगडासारखी कठीण होते. वजन हलकें, गंजाचें भय नाहीं, आणि पाहिजे तो आकार देतां येतो. पुढें १९७३ सालीं इंग्लंडांत असा नियम झाला कीं, तेथून पुढें रस्त्यावर येणाऱ्या नव्या गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या धातूच्याच असाव्या. परंतु जुन्या गाड्यांना तो नियम लागू नव्हता, आणि आमची गाडी जुनी होती.

‘आमची’ म्हणतों, पण ती मूळची आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांची. जन्मभर एका कारखान्यांत फिटरचें काम करून ते निवृत्त झालेले. आमची आणि त्यांची ओळख झाली ती आमच्या येथील पहिल्याच हिवाळ्यांत, पाण्याचा नळ गोठून फुटला त्या रात्रीं. अकरा वाजतां हातांत पाना घेऊन ते आले, तासाभरांत नळ नीट केला, आणि आम्हीं पैशांची गोष्ट काढतांच आमच्याकडे अशा कांहीं नजरेनें पाहिलें कीं, आम्हीं पाकीट निमूटपणें खिशांत घातलें. त्याऐवजीं घरच्या लिंबाच्या लोणच्याची एक बरणी मात्र त्यांनीं मान्य केली. तेव्हांपासून दर वर्षीं एक बरणी त्यांच्याकडे जाई, आणि आमच्या घरांत जें जें मोडे तें तें त्यांच्या हातून नीट होई.

१९६९ सालीं त्यांनीं ही गाडी नवी घेतली होती. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांचे गुडघे राहिले. त्या वेळच्या कमांडोला बटण दाबून इंजिन चालूं करण्याची सोय नाहीं; अंगचें सगळें वजन घालून किक मारावी लागते. एके दिवशीं त्यांनीं किल्ली आमच्या हातांत ठेवली आणि म्हटलें, “झांकून ठेवणार असाल तर परत द्या, चालविणार असाल तर ठेवा.” कोल्हापुरांत कॉलेजांत असतांना आम्हीं वडिलांची येझदी चालविली होती, एवढीच आमची पात्रता. जातां जातां त्यांनीं आणखी एकच सूचना दिली : “पेट्रोल महागांतलें घाला.” कारण त्यांनीं सांगितलें नाहीं; आम्हीं विचारलें नाहीं. काटकसरीनें राहणाऱ्या मनुष्याचाहि एखादा शौक असतो, असें समजून आम्हीं ती गोष्ट हंसण्यावारी नेली. उन्हाळाभर साधें पेट्रोल घातलें, आणि थंडी पडतांच टाकी तशीच भरलेली ठेवून गाडीवर पांघरूण घातलें.

वसंत ऋतूंत पांघरूण काढलें तेव्हां टाकीच्या हिरव्या रंगावर, निखाऱ्यावरच्या पापडासारखे फोड आलेले होते. खालच्या बाजूस बोट लावलें तों बोट चिकटलें. कार्ब्युरेटर उघडला, तर त्याच्या तळाशीं काकवीसारखा तपकिरी लगदा बसलेला.

कारण शोधावयास फार लांब जावें लागलें नाहीं. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत शेंकडा १० पर्यंत इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेला असतो. महागांतल्या पेट्रोलांत तें प्रमाण शेंकडा ५ पर्यंतच असतें. हा मद्यार्क पॉलिएस्टरच्या जुन्या राळेंत शिरतो, तिला मऊ करतो, फुगवितो, आणि तिचा कांहीं अंश विरघळवितो. विरघळलेली राळ पेट्रोलाबरोबर खालीं उतरून इंजिनांत जाते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांना चिकटून बसते. टाकीच्या अंगांतून झिरपणारी वाफ रंगाखालीं कोंडते. फोड येतात ते तिचे. शिवाय मद्यार्क हवेंतील पाणी ओढून घेतो, तें निराळेंच. टाकी घडविणारांचा यांत कांहींहि दोष नाहीं. ज्या पेट्रोलासाठीं त्यांनीं ती घडविली होती, त्याच्याशीं ती इमानानें वागली. आंतील पदार्थ बदलला, आणि तो बदलल्याचें भांड्याला कोणीं सांगितलें नाहीं.

यांत दैवाचा एक विनोद होता, तो आमच्या लक्षांत आल्यावांचून राहिला नाहीं. आमचें शिक्षण झालें तें उसावर. वडिलांच्या चार एकरांतला ऊस कारखान्याला जाई, आणि त्याच्या बिलांतून आमची फी भरली जाई. मळीपासून मद्यार्क निघतो, हें आम्हांस पाटी-पेन्सिलीच्या वयापासून ठाऊक. वारा कारखान्याकडून आला म्हणजे तो आंबूस वास आमच्या ओसरीवर येई. आज भारतांत ऊस व धान्य यांपासून काढलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात, आणि २०२५ सालीं तें प्रमाण शेंकडा २० पर्यंत जाऊन पोंचलें. ऊसवाल्या शेतकऱ्याच्या मुलानें त्याविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडानें करावी? ज्या पदार्थानें आम्हांस इंग्रजी शिकविलें, त्याच्याच जातीच्या पदार्थानें आमच्या इंग्रज मित्राची टाकी खाल्ली, एवढें म्हणून आम्ही स्वस्थ बसलों.

परंतु भांडें बिघडलें म्हटलें कीं आमच्या वयाच्या मराठी माणसास एकच उपाय आठवतो. कल्हई गेलेल्या पातेल्यांत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवावयाची नाहीं, ती कळकते, हा आमच्या आईचा नियम असे. वर्षांतून एकदां पिंपळाखालीं कल्हईवाला येऊन बसे. जमिनींत खळगा करून तो भाता जोडी. निखारे फुलले म्हणजे भांडें तापवी, नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानें तें आंतून असें फिरवी कीं, काळवंडलेलें पातेलें क्षणांत चंद्रासारखें उजळे. आम्हां मुलांचे सगळे डोळे त्या क्षणावर. त्याच्यापूर्वीं त्याचा पोरगा मोठ्या भांड्यांत उभा राहून, पायांखालीं वाळू आणि चिंध्या घेऊन, बराच वेळ डावी-उजवीकडे घुमत असे. तिकडे कोणी पाहत नसे. भांडें घासलेलें नसेल तर त्यावर कथील धरत नाहीं. हें आम्हीं पाहिलें होतें; शिकलों मात्र नव्हतों.

टाकीला आंतून अस्तर देण्याचें औषध बाजारांत मिळतें. दोन डब्यांतले द्रव ठरल्या प्रमाणांत मिसळावयाचे, टाकींत ओतावयाचे, टाकी चोहोंबाजूंनीं फिरवावयाची, आणि उरलेलें ओतून टाकावयाचें. सूचनापत्रांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, जुनें अस्तर असल्यास तें अगोदर काढावें, आणि टाकी पूर्णपणें कोरडी होऊं द्यावी. ‘पूर्णपणें’ म्हणजे किती, तें आम्हीं आपल्या सोयीनें ठरविलें. कारण शेजाऱ्यांचा ८० वा वाढदिवस अवघ्या बारा दिवसांवर आला होता, आणि त्या दिवशीं गाडी त्यांच्या दारांत उभी करावी अशी हौस आम्हांस झाली होती. एकदां अॅसिटोननें टाकी खळबळली, दोन दिवस उन्हांत ठेवली—येथील ऊन तें किती!—आणि औषध ओतलें. आंतून टाकी आरशासारखी दिसूं लागली. बाहेरचे फोड खरवडून, लुकण भरून, वर हिरवा रंग दिला.

वाढदिवशीं म्हातारबुवा काठी टेकीत बाहेर आले. टाकीवरून त्यांनीं तळवा फिरविला. झांकण उघडून नाक जवळ नेलें आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “सुरेख.” आम्ही कृतार्थ झालों.

पुढच्या रविवारीं आमचे चिरंजीव—वय वर्षें एकोणीस—ती गाडी घेऊन बाहेर गेले. दोन मैलांवर एका चौकांत थांबले असतां त्यांना पेट्रोलचा वास आला. खालीं पाहतात तों टाकीच्या बुडाशीं थेंब धरतो आहे, आणि तापलेल्या इंजिनाच्या पापुद्र्यांवर पडून चुरचुरतो आहे. मुलानें इंजिन बंद केलें, दोन्ही तोट्या फिरविल्या, गाडी कडेला नेली आणि दूर जाऊन उभा राहिला. ठिणगी पडली नाहीं, एवढेंच. तासाभरानें तो गाडी ढकलीत घरीं आला, आणि जें घडलें तें त्यानें आईला आमच्या देखत सांगितलें. आमच्या सौभाग्यवतींनीं आवाज चढविला नाहीं. “तुमच्या हौसेची किंमत कोणीं द्यायची होती?” एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि त्या आंत गेल्या. या प्रश्नाला उत्तर नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पुढच्या दोन रात्रींहि नाहीं. डोळा लागला कीं तो थेंब दिसे.

चवथ्या दिवशीं आम्ही शेजाऱ्यांकडे गेलों आणि सगळें सांगितलें : साधें पेट्रोल घातलें तें, टाकी भरलेली ठेवली तें, फोड झांकले तें. म्हातारबुवा ऐकत राहिले. मग म्हणाले, “वाढदिवशीं झांकण उघडलें तेव्हांच मला वास आला होता. अस्तर ओलें धरलें होतें. तुम्ही सगळे इतके आनंदांत होतां कीं, मला बोलवलें नाहीं.” थोड्या वेळानें ते पुढें म्हणाले, “आणि आणखी एक. पस्तीसएक वर्षांपूर्वीं मीं स्वतः या टाकीला आंतून अस्तर दिलें होतें; त्या वेळीं मिळत असे तें. नव्या पेट्रोलांत तें टिकत नाहीं, हें मला माहीत होतें. म्हणून महागांतलें घाला म्हटलें. पण टाकी पहिल्यासारखी राहिलेली नाहीं, हें तोंडानें सांगणें जिवावर आलें. मुलगा बसणार आहे हें माझ्या डोक्यांत यावयास हवें होतें.” हें बोलतांना त्यांचा हात काठीवर थरथरत होता.

इंग्रजांचा शिष्टाचार आणि आमची मराठी भीड या दोन निराळ्या वस्तु आहेत, असें आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों आहों. त्या दिवशीं आमची खात्री झाली कीं, तो एकाच डब्यांतला रंग आहे. त्यांनीं आम्हांस दुखवूं नये म्हणून वास गिळला; आम्हीं त्यांना दुखवूं नये म्हणून फोड लपविले; आणि दोन सभ्य गृहस्थांच्या या परस्पर-सौजन्याच्या खालीं एक पोरगा पेट्रोल गळणाऱ्या टाकीवर बसून रस्त्यानें चालला होता. भीड ही भिकेची बहीण, असें आमच्याकडे म्हणतात. ती याहूनहि वाईट घराशीं नातें जोडूं शकते.

सौभाग्यवतींचें मत पडलें कीं, अॅल्युमिनियमची नवी टाकी घ्यावी आणि जुनी भिंतीवर टांगावी. हें मत शहाणपणाचें होतें, व म्हातारबुवांनींहि तेंच दिलें. पण तें देतांना ते टाकीकडे पाहत नव्हते. शेवटीं एक करार ठरला. एकदांच प्रयत्न करावयाचा. घाई करावयाची नाहीं. काम झाल्यावर टाकींत पेट्रोल भरून ती गाडीवर न चढवितां बागेंतल्या मोकळ्या पडवींत पांढऱ्या कागदावर चाळीस दिवस ठेवावयाची. आणि कागदावर एक डाग दिसला तरी ती भिंतीवर जाईल. कराराचें पालन झालें कीं नाहीं, हें पाहण्याचें काम सौभाग्यवतींनीं स्वतःकडे घेतलें.

मग खरें काम सुरू झालें, म्हणजे कल्हईवाल्याच्या पोराचें. आमचें नवें अस्तर आणि त्याखालचें त्यांचें जुनें, दोन्ही काढावयाचीं होतीं. अॅसिटोन घालून मुरवावें, ओतावें, वाकड्या सळईनें खरवडावें. दुधावरच्या सायीसारखे पापुद्रे तोंडांतून निघत. दारें-खिडक्या उघड्या, हातांत मोजे, आणि आसपास दिवा-काडी कांहींहि नाहीं. कारण या द्रवांची आणि पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगी शोधीत जाते. त्यानंतर तोंड उघडें ठेवून टाकी वाळत घातली. कांचतंतूंच्या थरांत मुरलेलें पेट्रोल वरून दिसत नाहीं; पृष्ठभाग कोरडा लागतो आणि आंत ओल असते. पहिल्या खेपेला आम्ही येथेंच फसलों होतों. म्हातारबुवांनीं युक्ति सांगितली : “दर रविवारीं टाकी तोला.” आमच्या स्वयंपाकघरांतील तराजूवर दर रविवारीं टाकी तोलली जाऊं लागली. पहिल्या रविवारीं वजन उतरलें, दुसऱ्या रविवारीं उतरलें, पांचव्या रविवारींहि उतरलें. सलग तीन रविवार वजन तेंच भरलें, तेव्हां ते म्हणाले, “आतां ती रिकामी झाली.” आमच्या हिशेबीं ती अडीच महिन्यांपूर्वींच रिकामी झाली होती.

पुढें मूठभर टोंकदार खडी आंत टाकून टाकी हलविली, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत व्हावा आणि अस्तराला धरावयास जागा मिळावी. या वेळीं औषध घेतलें तें नोव्होलॅक जातीचें इपॉक्सी. हें जेव्हां आळतें तेव्हां त्याची वीण इतकी घट्ट बसते कीं, मद्यार्काला तींत शिरकाव मिळणें कठीण. तोट्यांच्या भोंकांत मेण लावलेले बोल्ट बसविले. म्हातारबुवांना गॅरेजच्या दारांत खुर्ची दिली, हातांत घड्याळ. ते सांगत तसे आम्ही आणि चिरंजीव टाकी फिरवीत होतों : “डावी कड... नाक खालीं... आतां पालथी... सावकाश.” पंचवीस मिनिटें हें चाललें. हात भरून आले तेव्हां सौभाग्यवती कांहीं न बोलतां पुढें आल्या आणि त्यांनीं आमच्या हातांतून एक बाजू घेतली. उरलेलें द्रव्य पुरें निथळून टाकलें, नाहींतर तें तोट्यांपाशीं साचून राहतें. मग आठ दिवस उबदार जागीं टाकी तशीच ठेवली.

चाळीस दिवस कागद पांढरा राहिला. सौभाग्यवती रोज सकाळीं चहाच्या आधीं तो पाहून येत. एकेचाळिसाव्या दिवशीं त्यांनीं तो घडी करून आमच्या टेबलावर आणून ठेवला. पहिल्यांदा गाडीवर आम्ही बसलों, चिरंजीव नव्हे. कित्येक मैल हिंडून आल्यावर टाकीच्या बुडाखालून बोट फिरविलें, तें कोरडें होतें. मग चिरंजीवांनीं गल्लींतून एक फेरी मारली. म्हातारबुवा फाटकाशीं उभे होते. गाडी दिसेनाशी झाल्यावरहि ते बराच वेळ कान देऊन होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते वारले.

त्यापूर्वीं एकदां आम्हीं त्यांना विचारलें होतें कीं, हें अस्तर किती वर्षें टिकेल? ते म्हणाले होते, “मीं लावलें तें मलाहि कायमचें वाटलें होतें.” आमच्या आईनें कल्हईवाल्याला हा प्रश्न कधींच विचारला नाहीं. तो पुन्हां येणार आणि भांडीं पुन्हां त्याच्यापुढें मांडावीं लागणार, हें तिनें गृहीतच धरलें होतें. भांडें टिकतें तें कल्हईच्या जोरावर नव्हे. आंतून कल्हई गेली कीं नाहीं हें वेळोवेळीं कोणीतरी पाहतें, म्हणून टिकतें. आणि कल्हई गेली असेल तर तसें सांगावें लागतें. समोरच्या माणसाचा वाढदिवस असला तरी.

तेव्हां आमच्या मित्रांस कळवावयाचें तें असें : धंदा बदललेला नाहीं. गाडींत महागांतलेंच पेट्रोल जातें, थंडीच्या आधीं टाकी रिकामी होते, आणि वसंतांत आम्ही झांकण उघडून विजेरीच्या उजेडांत आंत पाहतों व वास घेतों. चिरंजीवहि शेजारीं उभे राहून वास घेतात. मग आम्ही दोघे एकमेकांस काय आढळलें तें मोठ्यानें सांगतों, आणि त्यानंतरच किल्ली खुंटीवरून निघते.